गेटवर खोळंबलेली माणसं: सोसायट्यांची सुरक्षा आणि कामाला येणाऱ्यांची रोजची ये-जा

टेकडीवरून

आमच्या सोसायटीत (पुणे, बालेवाडीच्या बाजूला, चार टॉवर) कमिटीने नवे नियम लावले आहेत. घरकामाला येणाऱ्या ताई-मावश्या, स्वयंपाकाच्या बायका, ड्रायव्हर, डिलिव्हरीवाले, प्लंबर, इलेक्ट्रिशियन या सगळ्यांनी मागच्या गेटनेच आत यायचं. प्रत्येक टॉवरमध्ये त्यांच्यासाठी एकच लिफ्ट. एका घरचं काम संपून दुसरं सुरू व्हायला वेळ असेल तर बागेत, लॉबीत किंवा पार्किंगच्या कट्ट्यावर बसायचं नाही. बाहेर पडताना पिशवी तपासून घ्यायची, आणि पिशवीत काही असेल तर ते दिल्याची फ्लॅटमालकाच्या सहीची चिठ्ठी दाखवायची.

मला हे नियम मान्य नाहीत आणि येत्या सर्वसाधारण सभेत मी तसं बोलणार आहे. त्याआधी इथे लिहिते, कारण इतर सोसायट्यांमध्ये काय चाललंय ते मला समजून घ्यायचं आहे.

सगळ्यात आधी चिठ्ठीबद्दल. आमच्याकडे येणाऱ्या ताईंना होळीला डब्यात पुरणपोळ्या दिल्या. गेटवर त्यांना डबा उघडायला लावला. मागे बायकांची रांग उभी. गार्डने झाकण काढून बघितलं, चिठ्ठी कुठे आहे विचारलं, मला इंटरकॉम केला, मी हो म्हटल्यावर त्यांना सोडलं. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "ताई, आता घरी न्यायला काही देऊ नका. द्यायचंच असेल तर इथेच खाऊन जाईन." त्यांच्या मुलांसाठी म्हणून दिलेला डबा होता तो. गार्ड उद्धट नव्हता, त्याने नोटिशीत लिहिलंय तेवढंच केलं.

आता पुढचं गेट बघा. स्टिकर लावलेली गाडी आली की दांडा आपोआप वर जातो. डिकी उघडून बघितल्याचं मी कधी पाहिलेलं नाही. पाहुणा गाडीतून आला तर काच खाली करून फ्लॅट नंबर सांगितला की पुरतं. जो पायी येतो, ज्याच्या हातात पिशवी असते, ज्याच्या अंगावर कंपनीचा टीशर्ट असतो, त्याला थांबवलं जातं. धोका कोणापासून आहे याचा विचार करून ही यंत्रणा बसवली असती, तर तिने गाड्याही थांबवल्या असत्या.

आणि वेळेचं काय? सकाळी आठ-साडेआठला मागच्या गेटवर बायकांची रांग लागते. चेहरा स्कॅन करायचं यंत्र एकच. पदर डोक्यावर असला की ते ओळखत नाही, उजेड मागून आला की ओळखत नाही. पहिल्या घरी दहा मिनिटं उशीर झाला की पुढच्या तीन-चार घरांची बोलणी खायची, आणि शेवटी घरी पोचायलाही उशीर. या दहा मिनिटांचा पगार कोणी देत नाही.

सुरक्षा नको असं मी म्हणत नाही. मीसुद्धा इथेच राहते, माझीही मुलं खाली खेळतात. माझा मुद्दा एवढाच की हा सगळा जाच ज्यांच्या जिवावर आपलं घर चालतं त्यांनाच होतोय, आणि त्यातून सुरक्षा किती मिळते हे कोणी तपासलेलं नाही.

---

दुसरी_पाळी

मी स्वतः डिलिव्हरी करतो. दिवसा कॉलेज, संध्याकाळी गाडी. म्हणून गेटच्या बाहेरच्या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

आम्हाला पैसे ऑर्डरप्रमाणे मिळतात. थांबण्याचे पैसे म्हणण्यासारखे मिळत नाहीत. मोठ्या सोसायटीत जायचं म्हणजे आधी रजिस्टर किंवा ॲपवर नोंद. मग ग्राहकाच्या फोनवर मंजुरी जाते. ग्राहक अंघोळीला गेलेला असतो, मीटिंगमध्ये असतो, किंवा फोन सायलेंटवर असतो. ज्याने वीस मिनिटांपूर्वी स्वतः ऑर्डर दिली, तोच आता मला आत सोडायला हवंय का या प्रश्नाचं उत्तर देत नाही. मंजुरी आली की गाडी बाहेर रस्त्यावर लावायची. तिथे नो पार्किंग असतं, टोइंगची गाडी फिरत असते. मग हेल्मेट काढून चालत ई विंग, जी नेहमी सगळ्यात टोकाला असते. मग सर्व्हिस लिफ्ट. कोणाकडे तरी इंटिरियरचं काम चालू असतं, लिफ्टमध्ये प्लायवूड आणि टाइल्स चढत असतात. तोपर्यंत पुढच्या ऑर्डरचा ग्राहक फोन करायला लागतो.

सगळ्यात जास्त त्रास पावसात होतो. काही सोसायट्यांच्या गेटवर छप्पर फक्त गार्डच्या केबिनपुरतं असतं. रेनकोटमधून पाणी गळतं म्हणून लॉबीत उभं राहू देत नाहीत. मी उघड्यावर उभा राहून मंजुरीची वाट बघतो.

सगळ्या सोसायट्या अशा नाहीत. खराडीत एक आहे, तिथे गेटच्या आत डाव्या हाताला आमच्या दुचाकींसाठी आठ-दहा गाड्यांची जागा आखलीय, शेजारी पिण्याच्या पाण्याचा नळ आणि एक बाकडं. तिथला माणूस फक्त फ्लॅट नंबर विचारतो आणि सोडतो. त्या सोसायटीत काही वेगळ्या चोऱ्या होतात असं मी तरी ऐकलेलं नाही. तिथली ऑर्डर आली की आम्ही आनंदाने घेतो.

---

जुना_सेक्रेटरी

मी आमच्या सोसायटीत बरीच वर्षं सेक्रेटरी होतो, आताही कमिटीवर आहे. बाजू मांडायला हवी म्हणून लिहितो.

कमिटीतली माणसं कोणाला छळायला बसलेली नसतात. एका फ्लॅटमध्ये चोरी झाली की सगळे कमिटीवर तुटून पडतात. "रजिस्टरमध्ये नोंद का नाही, कॅमेरा का बंद होता, कोण आलं-गेलं ते का सांगता येत नाही?" पोलीस आले की पहिला प्रश्न तोच. आमच्याकडे निम्म्याहून जास्त घरांत दोघंच ज्येष्ठ नागरिक राहतात, मुलं परदेशी. त्यांना अनोळखी माणूस थेट दारात आलेला नको असतो, आणि त्यांची ती भीती खोटी नाही. रात्रीबेरात्री कुरिअरचं नाव सांगून दार उघडायला लावल्याचे प्रकार वर्तमानपत्रात येतात.

चिठ्ठीचा नियम मलाही आवडत नाही. पण तो बहुतेक वेळा रहिवाशांच्याच आग्रहामुळे येतो. कोणाची तरी चांदीची वाटी सापडत नाही, सभेत आरडाओरडा होतो, आणि पुढच्या महिन्यात नोटीस लागते. पुढे ती वाटी माळ्यावर सापडते, पण नोटीस तशीच राहते.

@दुसरी_पाळी, ग्राहक फोन उचलत नाही हे शंभर टक्के खरं. त्यात गार्डची कोंडी होते. सोडलं तर "विचारल्याशिवाय कसं सोडलं?", नाही सोडलं तर "जेवण थंड झालं".

---

नळस्टॉप

गॅस सिलिंडरचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझे वडील गॅस एजन्सीत होते, मीही सुट्ट्यांमध्ये त्यांच्याबरोबर टेम्पोवर गेलोय.

घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, आणि लोखंडी टाकीचं वजन धरलं तर एकूण तीस किलोच्या आसपास. तो घरापर्यंत पोचवायचा खर्च किमतीतच धरलेला असतो, मजल्याप्रमाणे वेगळे पैसे मागता येत नाहीत. ग्राहकाने सांगितलं तर समोर वजन करून द्यायचं आणि गळती तपासून द्यायची. आता डिलिव्हरीच्या वेळी मोबाइलवर आलेला कोडही सांगावा लागतो. म्हणजे हा माणूस कोण आणि कुठल्या घरी आलाय याची खातरजमा आधीच झालेली असते.

तरी गेटवर त्याला पुन्हा नाव, गाव, फोन, फोटो. टेम्पो आत सोडत नाहीत, कारण पेव्हर ब्लॉक खराब होतात. मग खांद्यावर सिलिंडर घेऊन पाऊण चौक चालायचं आणि मुख्य लिफ्टला हात लावायचा नाही. सर्व्हिस लिफ्ट बंद असली की जिना. वडिलांचे दोन्ही गुडघे या कामात गेले. नियम बनवणाऱ्यांनी एकदा रिकामा सिलिंडर उचलून आपल्या मजल्यापर्यंत जिन्याने न्यावा, ही माझी मनापासून विनंती आहे. भरलेला नको, रिकामाच न्या.

---

पारिजातक

मी मस्कतला असते. आई ठाण्यात एकटी, वय ८१, स्मृतिभ्रंश आहे. दिवसा एक आणि रात्री एक अशा दोन सेविका ब्युरोकडून येतात. त्या बदलल्या की नव्या बाईला गेटवर मंजुरी लागते. आईला फोनवरचं हिरवं बटण दाबणं जमत नाही, म्हणून ॲपवर माझा नंबर दिलाय.

मागच्या महिन्यात रात्रपाळीची नवी बाई आठला गेटवर आली. मी कामात होते, फोन लॉकरमध्ये होता. दिवसपाळीच्या बाईंना डोंबिवलीची गाडी पकडायची होती, पण आईला एकटं सोडता येत नव्हतं. त्यांनी खाली जाऊन गार्डला सांगितलं की मीच हिला ओळखते, हिला सोडा. गार्ड म्हणाला, मंजुरी फ्लॅटमालकाचीच हवी. नऊ वाजून गेल्यावर मी फोन बघितला. तोपर्यंत एक बाई बाहेर उभी, एक आत अडकलेली, आणि आई घाबरून "हे कोण भांडतंय?" विचारत होती.

सुरक्षा ज्येष्ठ नागरिकांसाठी आहे असं @जुना_सेक्रेटरी म्हणतात. माझी आई ज्येष्ठ नागरिक आहे. तिला ज्यांच्याकडून खरी सुरक्षा मिळते त्या बायकांनाच गेटवर अडवलं जातंय. आजारी माणसाच्या घरासाठी वेगळी यादी ठेवा, सेविकेच्या बदलीची नोंद ब्युरोच्या पत्रावर करा, असं मी तीन वेळा मेलने लिहिलं. उत्तर आलं की सगळ्यांना एकच नियम.

---

खोपोली_लोकल

+१ पारिजातक. आमच्याकडे रुग्णवाहिकेच्या चालकाला गाडीचा नंबर आणि फोन लिहायला लावला होता. कमिटीशी भांडून ते बंद केलं. १०८ आली की दांडा वर करायचा आणि एका गार्डने पुढे धावत लिफ्ट धरून ठेवायची, असं आता केबिनमध्ये मोठ्या अक्षरात लिहून लावलंय. अग्निशमनच्या गाडीसाठीही तेच. आग प्रतिबंधक यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. त्या निमित्ताने गेटपासून टॉवरपर्यंतचा रस्ता खरंच मोकळा आहे का ते वर्षातून दोनदा बघून घ्या. आमच्या इथे शोभेच्या कुंड्या मधोमध ठेवल्या होत्या.

---

गिरगाव_चौथी_गल्ली

वेगळ्या लिफ्टबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण या धाग्यातला सगळ्यात गंभीर मुद्दा मला तो वाटतो.

दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या मागच्या बाजूला लोखंडी गोल जिना असतो, अजूनही बऱ्याच ठिकाणी गंजलेला उभा आहे. तो कशासाठी होता हे आमच्या पिढीला माहीत आहे. संडास मागच्या बाजूला असत आणि ते साफ करणाऱ्या माणसाने पुढच्या जिन्याने येऊ नये म्हणून तो बांधलेला. तो माणूस कोणत्या जातीचा असे हेही सगळ्यांना माहीत होतं. नियम कुठे लिहिलेला नसे. पुढच्या जिन्याला त्याने पाय लावायचा नाही हे त्यालाही कळत असे आणि घरात राहणाऱ्यांनाही.

मोठं सामान, फर्निचर, राडारोडा वेगळ्या लिफ्टने न्यावा हे समजू शकतो. पण हातात फक्त स्वतःची पर्स असलेल्या बाईने ती केवळ घरकाम करते म्हणून वेगळ्या लिफ्टने जावं, यामागे सुरक्षेचं कोणतं कारण आहे? तीच बाई वर जाऊन आपल्या ओट्यावर पोळ्या लाटते, आपल्या बाळाला न्हाऊ घालते. घरात चालते, लिफ्टमधल्या चार चौरस फुटांत चालत नाही. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता बंद केली. एखादी कमिटी त्या कलमाखाली येईल की नाही हे वकील सांगतील, मला त्यात शिरायचं नाही. पण तो लोखंडी जिना ज्याने पाहिलाय त्याला या लिफ्टवरची "फक्त कामगारांसाठी" ही पाटी वाचताना काय वाटतं, ते मला सांगावंसं वाटलं.

चाळ आदर्श होती असं मी म्हणत नाही, तिथेही याच गोष्टी होत्या. मात्र एक होतं. कोळीण, इस्त्रीवाला, पेपरवाला, डबेवाला यांना सगळी चाळ चेहऱ्याने आणि नावाने ओळखत असे, आणि अनोळखी माणूस आला की तेच आधी विचारत, "कोण पाहिजे?" मुंबईत १८९० पासून डबेवाले इमारतींमध्ये वर-खाली करताहेत. त्यांची टोपी हीच ओळख पुरत आली.

---

शाळेची_घंटा

महापालिका शाळेत शिक्षिका आहे. मतदार यादीच्या कामाला बीएलओ (मतदान केंद्राची यादी सांभाळणारी अधिकारी) म्हणून गेले तेव्हा ओळखपत्र, नेमणुकीचं पत्र दोन्ही गळ्यात होतं. तरी गेटवर सांगितलं की कमिटीची परवानगी आणा. चेअरमन गावाला. तिसऱ्या फेरीत आत सोडलं, तेही "लॉबीत बसा, आम्ही ग्रुपवर मेसेज टाकतो" म्हणून. चार माणसं खाली आली. मग मतदानाच्या दिवशी याच सोसायटीतले लोक यादीत नाव नाही म्हणून तक्रार करतात. २०२४ च्या विधानसभेला शहरांतल्या बऱ्याच गृहसंकुलांत थेट मतदान केंद्रं दिली होती, म्हणजे आयोग दारापर्यंत यायला तयार आहे.

पोलिओच्या डोसाला येणाऱ्या आशाताईंचीही हीच कथा. जनगणनेचं तर कायद्यानेच ठरलेलं आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे प्रगणकाला घरापर्यंत येऊ देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. घरयादी २०२६ ची, प्रत्यक्ष गणना फेब्रुवारी २०२७ ची. गार्डना हे आधीच लेखी द्या, म्हणजे आमच्या सहकाऱ्यांना उन्हात उभं राहावं लागणार नाही.

---

काळा_कोट

वकिली करतो, सोसायट्यांची कामंही बघतो. थोडक्यात लिहितो.

खासगी सुरक्षारक्षकाला पोलिसांचे अधिकार नाहीत. सामान्य नागरिकाला असतात तेवढेच त्याला असतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४० व्या कलमाप्रमाणे कोणी डोळ्यांसमोर गंभीर, अजामीनपात्र दखलपात्र गुन्हा केला किंवा तो फरार घोषित केलेला गुन्हेगार असला तरच खासगी व्यक्ती त्याला धरू शकते, आणि सहा तासांच्या आत पोलिसांकडे सोपवावं लागतं. नुसत्या संशयावरून एखाद्या बाईला केबिनमध्ये बसवून ठेवणं यात बसत नाही. अंगझडतीचा तर प्रश्नच नाही. पिशवी दाखवणं ही संमतीची गोष्ट आहे. नोकरी जाईल या भीतीने दिलेल्या संमतीला किती अर्थ आहे हा विचार कमिटीने करावा.

आधारबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात खासगी संस्थांनी आधार मागण्याची मोकळीक काढून घेतली. नंतर कायद्यात स्वेच्छेने वापराची वाट ठेवली गेली, पण सक्ती नाही. तरी सोसायट्यांच्या कपाटात आधारच्या झेरॉक्सचे गठ्ठे असतात, कुलूपसुद्धा नसतं. ओळख हवीच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत घ्या, किंवा मतदार ओळखपत्र, घरेलू कामगार कल्याण मंडळाचं ओळखपत्र चालवा. चेहऱ्याचं स्कॅन त्याहून नाजूक. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. माहिती कशासाठी घेतली, किती दिवस ठेवणार, काम सोडल्यावर पुसणार का, हे सोसायटीला सांगावं लागेल. आत्ताच लिहून ठेवा.

असे नियम कमिटीने नुसत्या नोटिशीने लावले असतील तर सर्वसाधारण सभेत ते विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होते, त्याआधी लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.

---

बुलडाणा_एक्स्प्रेस

गार्डच्या बाजूनेही कोणी बोला. माझा मामेभाऊ हिंजवडीजवळ गार्ड आहे. बारा तासांची पाळी, बदली आली नाही की चोवीस तास. दुपारी बसला म्हणून खुर्ची काढून घेतली होती. लघवीला जायचं तर बेसमेंटच्या टोकाला. कोणाला न विचारता सोडलं तर एजन्सी पगारातून कापते, आणि रहिवाशाला एक मिनिट थांबवलं तर "तू मला ओळखत नाहीस का?" ऐकून घ्यायचं.

कायदा आहे. २००५ चा खासगी सुरक्षा संस्थांच्या नियमनाचा कायदा. केंद्राच्या आदर्श नियमांत गार्डला १६० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय, १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष. महाराष्ट्रात तर १९८१ पासून सुरक्षा रक्षकांचा वेगळा कायदा आणि मंडळ आहे. माझ्या भावाला एक दिवस गणवेश दिला, रजिस्टर दाखवलं, झालं प्रशिक्षण. आग लागली तर वाल्व कुठला उघडायचा हे त्याला कोणी दाखवलेलं नाही, पण चिठ्ठीवरची सही जुळते का ते बघायला शिकवलंय.

तो स्वतः एका खोलीत पाच जणांबरोबर राहतो. त्या पिशव्या उघडायला लावताना त्याला लाज वाटते. गावाकडून आलेल्या बायका असतात, काही आमच्या तालुक्यातल्या.

---

टेकडीवरून

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं तपशीलवार मिळेल असं वाटलं नव्हतं.

@जुना_सेक्रेटरी, तुमचं म्हणणं मला पटतं की कमिटी रहिवाशांच्या दबावाखाली असते. म्हणूनच मी कमिटीविरुद्ध तक्रार न करता सभेत प्रस्ताव मांडणार आहे, म्हणजे जबाबदारी आपल्या सगळ्यांवर येईल. पण एक विचारते. रजिस्टरमधल्या नोंदींनी चोरी पकडली गेल्याचं उदाहरण तुमच्याकडे आहे का? आमच्या रजिस्टरची पानं मी कमिटीच्या परवानगीने चाळली. "अमेझॉन", "कुरिअर", "भाऊ" अशी नावं, नऊ आकडी फोन नंबर, वाचता न येणाऱ्या सह्या. ते लिहायला लोकांना मिनिटं न् मिनिटं थांबवलं गेलं आणि त्यातून एकही माणूस शोधता येणार नाही. उलट लॉबीतला चांगला कॅमेरा, जिन्यात दिवे, प्रत्येक दाराला साखळी आणि आयहोल यांचा उपयोग सरळ आहे, आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही.

२०१७ मध्ये नोएडाच्या एका मोठ्या संकुलात काय झालं ते आठवतं का? चोरीचा आळ आलेली घरकामगार बाई रात्री घरी परतली नाही, आणि सकाळी तिची वस्ती गेटवर येऊन थडकली. दगडफेक झाली, अटका झाल्या, कामाला येणाऱ्यांवर बंदी घातली गेली. गेटच्या आतल्या आणि बाहेरच्या माणसांत रोजचा अविश्वास साठत गेला की तो एका रात्रीत असा बाहेर पडतो.

माझा प्रस्ताव साधारण असा आहे. रोज येणाऱ्यांची नोंद एकदाच, पासवर फोटो, आणि मग सकाळी गार्डने पास बघून सोडायचं. दोन्ही गेट सगळ्यांना खुली. डिलिव्हरीसाठी रहिवाशाने मिनिटभरात उत्तर दिलं नाही तर फ्लॅट नंबर टिपून आत सोडायचं, त्याची जबाबदारी ऑर्डर देणाऱ्याची. पिशवीची तपासणी आणि चिठ्ठी बंद. आजारी माणसांच्या घरांची वेगळी यादी, जिथे आधीपासून येणारी सेविका नव्या सेविकेला ओळख देऊ शकेल (@पारिजातक, हे तुमच्यामुळे). गेटवर छप्पर, पाण्याचा नळ, दुचाकींची जागा. तळमजल्यावरचं संडास कामाला येणाऱ्या बायकांना आणि गार्डना खुलं, कुलूप नाही. हे शेवटचं मी आधी लिहिलंच नव्हतं. ताईंनी सांगितलं, सकाळी सात ते दुपारी दोन या वेळात त्या पाणीच पीत नाहीत, कारण जायला जागा नाही. त्या ज्या घरांत फरशी पुसतात, त्या घरांतल्या बाथरूमचीसुद्धा त्यांना परवानगी नसते.

---

जुना_सेक्रेटरी

उदाहरण विचारलंत म्हणून प्रामाणिकपणे सांगतो. माझ्या काळात दोन चोऱ्या पकडल्या गेल्या, दोन्ही कॅमेऱ्यामुळे. रजिस्टरमुळे एकही नाही. त्यातल्या एकीत चोर भाडेकरूचा ओळखीचा होता आणि गाडीतून आला होता.

पास, मिनिटभराचा नियम, पाणी, छप्पर, संडास हे सगळं मी आमच्या कमिटीपुढेही ठेवतो. खर्च फार नाही, मेंटेनन्समध्ये जाणवणारसुद्धा नाही. चिठ्ठी बंद करायला वेळ लागेल, चार-पाच घरं अडून बसतील. लिफ्टचा मुद्दा मात्र आमच्याकडे अवघड आहे. सकाळच्या गर्दीत शाळेची मुलं, ऑफिसला जाणारे आणि कामाला येणाऱ्या बायका एकाच वेळी लिफ्टपाशी असतात. वेळ वाटून द्यावी का? आठ ते साडेनऊ सर्व्हिस लिफ्ट, बाकी दिवसभर कुठलीही?

---

दुसरी_पाळी

मिनिटभराचा नियम झाला तर माझ्या संध्याकाळी दोन ऑर्डर जास्त होतील. एक सुचवतो. टॉवरची नावं आणि फ्लॅट नंबर कसे लावलेत याचा नकाशा गेटवर मोठा रंगवा. निम्मा वेळ आम्ही "बी-२ कुठे?" विचारत फिरतो आणि मग लोक म्हणतात डिलिव्हरीवाले उगाच फिरतात.

---

टेकडीवरून

नकाशा प्रस्तावात घातला.

@जुना_सेक्रेटरी, वेळ वाटून द्यायला माझी तयारी नाही. गर्दी असेल तर सगळ्यांनी रांगेत उभं राहावं, जो आधी आला तो आधी. सामान असेल तर मोठी लिफ्ट, मग ते सामान सिलिंडरवाल्याचं असो की माझा नवा फ्रीज. चिठ्ठीसाठी मी थांबेन, पुढच्या सभेपर्यंत वाट बघेन. लिफ्टवरची पाटी या सभेत उतरवावी असं मी मांडणार आहे. मतदान होऊ दे. किती जण हात वर करतात ते इथे येऊन लिहीन.

ज्यांच्या सोसायटीत असा ठराव आधीच झालाय त्यांनी त्याचा मजकूर टाका, विशेषतः लिफ्ट आणि संडासाबद्दलची वाक्यं कशी लिहिली ते. पत्र मला आठवड्याभरात द्यायचं आहे.